निघताना पोटात काय असावं

पोळा झाला की आमच्या रुआबांध्याच्या गल्लीत तळणाचा वास सुटतो. ठेठरी आणि खुरमी. ठेठरी म्हणजे बेसनाची जाड, खारी कडबोळी, आणि खुरमी म्हणजे कणकेत गूळ-तीळ घालून तळलेले गोड तुकडे. तीजाचा, म्हणजे इकडच्या हरतालिकेचा, उपास तोंडावर आलेला असतो, गल्लीतल्या सगळ्या छत्तीसगढी बायका माहेरी निघायच्या असतात, म्हणून घराघरात कढया चढतात. मी खिडकीत उभी राहून तो वास घेत असते. वय पन्नाशीपलीकडे, शाळेत भूगोल शिकवते, चारचौघांत शहाणी म्हणून ओळखली जाते. पण त्या वासानं माझ्या पोटात जे काही होतं, ती भूक आहे की दुसरं काही, हे मला अजून सांगता येत नाही.

यंदा त्यात एक भर पडली. आमचा रविवारी सायकल चालवणाऱ्यांचा एक कळप आहे. सगळी पोरं-पोरी तिशीच्या आतली, मीच काय ती म्हातारी. परवा त्यांच्यातला एक जण म्हणाला, मॅडम, नवीन लोक आलेत, लंबी राइडवर काय खायचं ते जरा समजावून द्या, तुम्हाला अनुभव आहे. मी मोठ्या तोऱ्यात हो म्हटलं. घरी येऊन विचार करायला बसले आणि बापा, डोकं रिकामं. डोंगरगडपर्यंत सायकल मारून आलेली बाई मी, तांदुला धरणावर कितीदा गेले, आणि काय खावं हेच सांगता येईना.

कारण जे जे खाल्लं त्याचा काही मेळच बसत नाही. ही पोरं खजूर खातात, केळी खातात, चांदीच्या कागदातली ती चिकट वडी खातात, बाटलीत मीठ-साखरेचं पाणी भरतात. सगळं बरोबर आहे. मीही खाते. पण एकदा बालोदच्या रस्त्यावर गरमागरम आलूगुंडे दिसले. आलूगुंडा म्हणजे आपला बटाटेवडाच, इकडे त्याला असं गोल नाव आहे. दोन खाल्ले, वर मिरची भजी खाल्ली, आणि पुढचा सगळा चढ पोटाला शिव्या देत चढले. मग शहाणपण आलं म्हणून पुढच्या वेळी काहीच खाल्लं नाही, तर राजनांदगावच्या अलीकडे डोळ्यांसमोर काजवे चमकले आणि एका पानठेल्याच्या बाकावर आडवी पडले. उन्हाळ्यात एका गावी कुणी बासी दिली होती. रात्रीचा भात पाण्यात भिजवलेला, सोबत कांदा आणि मिरची. इतकं गार, इतकं छान मी जन्मात खाल्लं नव्हतं. पण त्यानंतर अशी झोप आली की सायकल झाडाला टेकवून तिथंच घोरले. आता यातून नवीन लोकांना काय सांगायचं, सांगा.

बाबांना विचारलं असतं तर त्यांनी एका वाक्यात सांगितलं असतं. बाबा नंदिनीच्या खदानीत होते. चुनखडीची खदान, सगळं पांढरं. कपडे पांढरे, भुवया पांढऱ्या, सायकल पांढरी. मूळचे भंडाऱ्याकडचे, धानाची शेती सोडून आलेले, आणि आयुष्यभर सायकलवर. त्यांचं म्हणणं असं की सायकलवरचं खाणं एका हातानं खाता आलं पाहिजे आणि खाल्ल्यावर हात हँडलला चिकटायला नको. बस, एवढंच. त्यांच्या शर्टाच्या खिशात कायम काहीतरी असायचं. फुटाणे, मुरमुरे, थंडीत उकडलेले शिंगाडे. आणि या दिवसांत खुरमी.

माझं लग्न झालं आणि मी रुआबांध्याला आले, तेव्हाची गोष्ट. पहिल्याच वर्षी तीजाच्या आधी गल्ली हळूहळू रिकामी झाली. कुणाचा भाऊ मोटरसायकल घेऊन येई, कुणाचे वडील बसनं. हातात पिशवी, डोक्याला तेल, चेहऱ्यावर असा काही आनंद की बघवत नाही. इकडची रीतच आहे. माहेरचं माणूस न्यायला येतं, मग माहेरी आदल्या संध्याकाळी कारल्याची भाजी नि भात खायचा, त्याला करू भात म्हणतात, कडू भात. दुसऱ्या दिवशी पाण्याचा थेंबही नाही. तिसऱ्या दिवशी उपास सोडायचा, नवी साडी नेसायची आणि परत यायचं. आपल्यात हरतालिका असते, पण ती जिथं आहे तिथंच करायची. कुणी न्यायला येत नाही. मी ओट्यावर बसून रिकामी गल्ली बघत होते, एवढ्यात बाबा सायकलवर आले. त्यांचं काही काम होतं पोलाद प्लांटच्या दवाखान्यात. गल्लीवर एक नजर टाकली, माझ्या तोंडाकडे बघितलं आणि म्हणाले, पिशवी भर, चाल.

सासूबाई म्हणाल्या, अहो आपल्यात नाही ना हे. बाबा म्हणाले, नसू द्या.

त्या वर्षी मी कॅरियरवर बसून गेले. पुढच्या वर्षीपासून माझ्या स्वतःच्या सायकलवर. बाबा दर वर्षी यायचे, न चुकता. आम्ही दोघं खुर्सीपारवरून जायचो, तिथं रस्त्याच्या कडेला पोळ्याचे उरलेले मातीचे बैल नि मातीची छोटी दळायची जाती विकायला मांडलेली असायची. मग नंदिनी रोड, जामुल, आणि पुढं दोन्ही बाजूंनी हिरवं धान. कास, ते पांढऱ्या तुऱ्यांचं गवत, फुललेला. ऊन मधेच कडक, मधेच ढग. बाबा चालवता चालवता हात लांब करून मला खुरमी द्यायचे. एक तुकडा, फार तर दुसरा. तिसरा मागितला की म्हणायचे, पोट रिकामं ठेव, तुझ्या मायनं कारली चिरून ठेवली आहेत. मी लग्न झालेली, शाळेत पोरांना दरडावणारी बाई, तिसऱ्या तुकड्यासाठी तोंड फुगवून सायकल चालवायची. किती सुख होतं त्यात, हे तेव्हा कळलं नाही असं म्हणायची पद्धत आहे. मला मात्र तेव्हाही कळत होतं.

आई गेली, तरी बाबा येत राहिले. मग बाबाही गेले. उन्हाळ्यात गेले, भर वैशाखात.

त्या वर्षीचा तो मोसम. त्याचंच सांगायला बसले आहे खरं म्हणजे, सायकलच्या खाण्याचं राहिलं बाजूला. पोळा आला, तळणाचा वास सुटला. आमच्या घरी वर्षभर सण नव्हता, तळण नव्हतं. गल्ली रिकामी व्हायला लागली. शेजारच्या दुलारी भाभी निघताना एक डबा देऊन गेल्या, ठेठरी-खुरमीचा, आणि विचारलं, तुमचा भाऊ कधी येतो? मी म्हटलं, येईल की. माझ्या तोंडून ते निघालं तेव्हा मला कळलं की मी वाट बघते आहे.

राजू माझा धाकटा भाऊ. नंदिनीतच असतो, बाबांच्या मागं त्याच घरात. आमचं भांडण नव्हतं, अबोला नव्हता. पण त्यानं फोनवर तीजाचं नावही काढलं नाही. आता मी त्याच्यावर रागवायचं तरी कोणत्या तोंडानं? रीत आपली नाही. त्यातून दुखवट्याचं वर्ष. उद्या तो म्हणाला असता, ताई, हे आपल्यात कुठं असतं, तर ते खरंच होतं. जी रीत आपली नाही ती कुणी पाळली नाही म्हणून रडायचं, हा कुठला न्याय. असं मी स्वतःला दिवसभर समजावलं आणि दिवसभर फाटकाकडे बघितलं. यांनी एकदा विचारलं, काय झालं? म्हटलं, काही नाही, उकडतंय.

मला खरं भय कशाचं होतं ते सांगून टाकते. माहेर संपलं की काय, याचं. आई नाही, बाबा नाहीत. आता कुणी न्यायला आलं नाही, तर मी त्या घरी कोण? पाहुणी? पाहुणीला तरी बोलावणं लागतं.

करू भाताच्या दिवशी दुपारी मी उठले आणि सायकल काढली. यांना म्हटलं, जरा चक्कर मारून येते, संध्याकाळपर्यंत परत येईन. डबा कॅरियरला बांधला. पण त्याआधी पंचाईत झाली जेवणाची. ताट समोर होतं. पोटभर जेवून निघावं, तर नंदिनीला करू भात असला तर? आणि उपाशी निघावं, तर तिथं काहीच नसलं तर? एक पोळी खाल्ली, दुसरी मोडून ठेवली. अर्धवट पोटानं निघाले. लंब्या राइडला निघण्याची ही सगळ्यात वाईट तऱ्हा, हे मी आता कुणालाही सांगू शकते.

खुर्सीपारला आले आणि पोटात खड्डा पडल्यासारखं झालं. थांबले, डबा उघडला, एक खुरमी खाल्ली. बरं वाटलं. जामुलला पोहोचेपर्यंत पुन्हा तेच. पुन्हा थांबले. रस्ता तोच, धान तेच, कास तसाच फुललेला, आणि उजवीकडे कुणी नाही. मला वाटे भूक लागली. दोन खाल्ल्या, तीन खाल्ल्या, ठेठरी खाल्ली, पाणी प्यायले, तरी तो खड्डा जाईना. भूक आणि धाकधूक दोन्ही पोटात एकाच जागी लागतात, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. कुणी थांबवणारंही नव्हतं. एकदा वाटलं, इथूनच परत फिरावं. कुणाला काही कळलं नसतं. पण मागं वळायचं तर तेवढाच रस्ता, म्हणून पुढं गेले. नंदिनीची घरं दिसायला लागली तेव्हा डब्यात नुसता चुरा राहिला होता. भावाकडे काय नेलं, तर चुरा. माझी मलाच लाज वाटली.

दारात मोटरसायकल उभी होती. माझी वहिनी पुष्पा छत्तीसगढी, धमध्याकडची. ती पिशवी भरून ओसरीवर तयार, आणि तिचा भाऊ खुर्चीत चहा पीत बसलेला. तिला न्यायला आलेला. हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. इतकी वर्षं तीजाला या घरी येत होते, तर वहिनी तेव्हा नेहमी तिच्या माहेरी असायची, आणि घरात आई असायची. आई गेल्यावर बाबा स्वतः कारली चिरायचे. आता ज्या घरी मी माहेर म्हणून आले, त्या घरातली एकुलती एक बाई तिच्या माहेरी चालली होती. म्हणजे हे माहेर आज बंदच होतं म्हणायचं.

पुष्पानं मला बघितलं, माझ्या मागं रस्त्यावर बघितलं, तिथं कुणी नव्हतं. तिचा चेहरा उतरला. त्यांच्यात लेक अशी एकटी, आपली आपण येणं म्हणजे फार दुःखाची गोष्ट. ती आत वळून राजूला म्हणाली,

"बहिनी अपन मन ले आगे. तोला लाज नइ लागे?"

बहीण आपल्या मनानं आली, तुला लाज नाही वाटत? राजू बनियनवर बाहेर आला. माझ्याकडे बघितलं, सायकलकडे बघितलं, आणि असा गोंधळला की मला त्याचीच दया आली. म्हणाला,

"मले काय मालूम ताई? बाबा सायकल घेऊन जाय अन् तुले घेऊन ये. मले वाटे, तुमा बापलेकीले सायकलची हौस आहे."

घ्या. वीस-पंचवीस वर्षं या माणसाला वाटत होतं की आम्ही सैर करायला जातो. आणि का वाटू नये? बाबांनी त्याला कधी समजावून सांगितलं नाही, मीही नाही. घरात जे दर वर्षी होतं त्याचं कारण कुणी विचारत नाही.

पुष्पा म्हणाली, मी नाही जात, दीदीला करू भात कोण देईल? तिचा भाऊ कप हातात धरून तसाच बसला. एवढ्या लांबून आलेला, नुसता तिच्या पिशवीकडे बघत राहिला. मी म्हटलं, तू जा पुष्पा, आलेल्या माणसाला परत पाठवू नको. तिला अक्षरशः ढकलून गाडीवर बसवलं. ती वळणापर्यंत मागं बघत होती. मग आवाज गेला आणि आम्ही दोघं अंगणात उरलो, मी आणि राजू.

मी म्हटलं, चल, निघते मी पण. राजू म्हणाला, थांब. घरामागच्या बारीत, म्हणजे परसबागेत, गेला. तिथं कारल्याचा वेल होता. बाबांनी लावलेला जुना वेल आधीच वाळला होता. हा त्याच्या पडलेल्या बियांतून आपला आपण उगवलेला. त्यानं ओंजळभर कारली तोडून आणली, आणि जन्मात कधी विळीला हात न लावलेला माझा भाऊ ती चिरायला बसला. मी उठले तर म्हणाला, बस. कारली मीठ लावून पिळायची असतात हे त्याला कोण सांगणार? मी सांगणार होते, पण त्याच्या हाताकडे बघत राहिले. भात थोडा लागला, भाजी करपली. बाहेर अजून उजेड होता. आम्ही स्वयंपाकघरात जमिनीवर जेवायला बसलो.

इतकं कडू मी आजवर काही खाल्लं नाही. वर पोट खुरमीनं टच्च भरलेलं. एकेक घास पाण्याशिवाय उतरेना. तरी मी खात होते. राजू ताटाकडे बघत होता, खात नव्हता. मग खाली बघूनच म्हणाला,

"बाबा शेवटी शेवटी विचारत राह्य, पोळा झाला काय, पोळा झाला काय. मी म्हणो, आत्ता तं उन्हाळा आहे बाबा. तरी विचारे. मले वाटे, गावच्या बैलाचं आठवून राहिलं."

मला एकदम कळलं. त्यालाही ते त्याच क्षणी कळत होतं, माझ्यासारखंच. बाबा अंथरुणावर पडल्या पडल्या दिवस मोजत होते. मला आणायला निघायचं होतं त्यांना. पोळा झाला म्हणजे बेबीकडे, माझ्याकडे, जायचं, एवढं एकच त्यांच्या डोक्यात उरलं असेल, आणि घरात ते समजणारं कुणी नव्हतं. मी रुआबांध्यात होते. दर दोन दिवसांनी येत होते, नाही असं नाही. पण मला त्यांनी विचारलं नाही. मला कशाला विचारतील? जिला न्यायचं तिला कुणी विचारतं का?

मी रडले. लपवलं नाही. राजूही रडला, नाक पुसत, घोगऱ्या आवाजात, लहानपणी रडायचा तसाच. मग आम्ही पुन्हा जेवायला लागलो. त्यानं माझ्या ताटात आणखी भाजी वाढली, मी नको म्हटलं नाही.

आता नवीन लोकांना मी काय सांगावं? सांगेन बापडी, थोडं थोडं खा, भूक लागायच्या आधी खा, केळं बरं, खजूर बरा, तळलेलं टाळा. ते खरंच आहे. पण मी स्वतः काय खाऊन निघावं, हे दर वर्षी या दिवसांत मला नव्यानं कळेनासं होतं. तीजा आमचा की त्यांचा, तेही ठरत नाही. मी उपास धरते तो कुणाच्या रीतीनं, हे यांनी एकदा विचारलं होतं, तर मी त्यांच्यावर उगाच डाफरले. कारण मला माहीत नव्हतं.

त्या दिवशी जेवण झालं, मी हात धुतले. ढग उतरले होते, पण वाट दिसण्याइतका उजेड होता. मी रिकामा डबा कॅरियरला बांधायला लागले. राजू दारात येऊन उभा राहिला.

"उद्या पाणीही पिशीन नाही अन् मंग आत्ता कुठं चालली?" तो म्हणाला. "उपास इथंच करजो. परवा सोडजो. जावयाले मी फोन करतो."

मी म्हटलं, अरे पुष्पा नाही, घरात कुणी नाही, उपास सोडायला काय करशील तू? तो अंगणात उतरला. माझ्या हातातून हँडल काढून घेतलं, सायकल उचलली, दोन पायऱ्या चढून पुढच्या खोलीत आणली आणि भिंतीला टेकवली. मग दाराला आतून कडी लावली.